एकदा विचारायचं तरी होतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या जानकीबाई प्रसूतिगृहाच्या प्रमुख डॉ. माजिदा शेख मॅडम, संस्थेचे चिटणीस आदरणीय नाथाभाऊ पिंगळे, व्यासपीठावरची सर्व डॉक्टर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती संध्याताई बोरस्ते, त्यांचे यजमान, मुलगा आणि सूनबाई, समोर बसलेल्या सर्व सिस्टर, मावश्या, वॉर्डबॉय, आणि ताईंच्या हातून या जगात येऊन आज शेवटच्या रांगेत मोबाईल बघत बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

"बाई, तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतं."

हे वाक्य सात वर्षांपूर्वी नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मला एका अनोळखी बाईंनी ऐकवलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रागाने बोललं तर माणूस विसरता येतो. या बाई एखाद्या पेशंटला 'तुम्ही आधी सांगायचं होतं, दुखतंय ते' म्हणावं, तशा बोलल्या. त्यानंतर माझं बोलणं ऐकलेली माणसं पुष्कळ झाली, कौतुक करणारीही झाली. पण मी कुठल्याही कामाला हात घातला, की आधी हे वाक्य येऊन बसतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या पूजा सिस्टरांनी माझी ओळख 'ताईंच्या स्नेही' अशी करून दिली. तो त्यांच्या मनाचा मोठेपणा. खरं सांगायचं तर ज्या माणसाने ताईंना लुटलं असं पोलिसांचं म्हणणं होतं, त्या माणसाची मी वकील. ताई त्या खटल्यातल्या मुख्य साक्षीदार. तेव्हा मी इथे, या हारतुऱ्यांत, हातात माईक घेऊन का उभी आहे, हा प्रश्न तुमच्यातल्या जुन्या लोकांना मघापासून पडला असणार. तिसऱ्या रांगेतल्या दोन मावश्या एकमेकींच्या कानाला लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

तर ऐका. पंधरा दिवसांपूर्वी ताईंचा फोन आला. "वकीलबाई, एकतीस तारखेला मला घरी पाठवतायत. या, आणि दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "ताई, मी काय बोलणार?"

"बाकीचे सगळे गोडच बोलणार आहेत हो. रिटायर होणाऱ्या माणसाला कोण वाईट म्हणतं? तुमचं एकटीचं माझ्याविरुद्ध बोलून झालंय. तुम्ही चांगलं बोललात, तर लोकांना खरं वाटेल."

हसताय तुम्ही. मीही फोनवर हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ हातातलं काम पुढे गेलं नाही.

ताईंच्या सेवेबद्दल, त्यांनी केलेल्या बाळंतपणांबद्दल डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा कितीतरी अधिकाराने बोलल्या. मी फक्त त्यांच्या ओळखण्याबद्दल बोलणार आहे. बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी असते. ती सगळ्यांनी वाचायची असते, ताईही वाचायच्या. पण ती नियम म्हणून. त्यांना बाळ कुणाचं हे पट्टीच्या आधीच कळलेलं असायचं. 'हनुवटी बघा, सासूची आलीय' असं म्हणत त्या बाळ हातात द्यायच्या, आणि ती सासू नेमकी सुनेशी भांडलेली असली तरी हनुवटीपाशी विरघळायची. आणि तो हवालदाराचा किस्सा तर तुम्हाला माहीतच असेल. गंगापूर रोडच्या सिग्नलला हेल्मेट नाही म्हणून एका तरुण हवालदाराने ताईंची स्कूटी अडवली. ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तू कोकाट्यांचा ना? पायाळू? काय दमवलंस रे आम्हाला!" हवालदाराने पावती फाडली ती फाडलीच. पण फाडायच्या आधी भर सिग्नलला वाकून पाया पडला.

अशी ही नजर. आणि मी एका दुपारी, तासाभराच्या युक्तिवादात, ती नजर भरवशाची नाही असं सिद्ध केलं.

इथे कायद्यातलं थोडं सांगावं लागेल. कंटाळा करू नका, चहा बाहेर उकळतोच आहे.

ताई तेव्हा ढकांब्याला राहायच्या, आजही राहतात. ड्युटी संपवून दिंडोरी रोडने स्कूटीवर घरी निघाल्या होत्या. ऑक्टोबरातले दिवस, द्राक्षबागांच्या छाटणीचे. दिवस मावळत होता. बागेच्या कडेने एक माणूस पुढे आला, त्याने गळ्यातली पोत ओढली आणि बागेत शिरून दिसेनासा झाला. ताई पडल्या, कोपर फुटलं, चष्मा उडाला. पुढे चार-सहा दिवसांत पोलिसांनी जवळच्याच बागेवर मजुरी करणारा गेणू भोये नावाचा माणूस धरला. हरसूलकडचा. दरवर्षी छाटणीला बायको लंकाबाईला घेऊन टोळीबरोबर दिंडोरीला येणारा. टोळीत माणसं पुष्कळ होती, पण धरला हाच. कारण हा 'रेकॉर्डवरचा' होता. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याबद्दल त्याला पूर्वी एकदा शिक्षा झाली होती. ती त्याने भोगून संपवली होती. कागदावर मात्र ती संपत नाही.

मग ओळख परेड झाली. म्हणजे काय, तर संशयित माणसाला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर माणसांच्या रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराला सांगतात, यातला कोण ते हात लावून दाखवा. ताईंनी दाखवला. खालच्या कोर्टाने त्यावर विश्वास ठेवला. निकालात लिहिलं, आरोपी सराईत प्रवृत्तीचा दिसतो. आणि शिक्षा ठरवताना तेच पुन्हा लिहिलं, सराईत असल्याने दया दाखवता येत नाही. तीन वर्षं. त्या कोर्टाला देता येणारी सगळ्यात मोठी शिक्षा. अपिलात मोफत विधी सेवेतून त्याचं काम माझ्याकडे आलं.

माणूस एकदा चुकला म्हणून ही चूकही त्याचीच, असं कायदा म्हणू देत नाही. हे मी फार पोटतिडकीने मांडलं. आजही मांडेन. माझा गुन्हा, तुम्ही त्याला गुन्हा म्हणा न म्हणा, तो तिथे नाही.

तुरुंगात मी गेणूला भेटले तेव्हा त्याने जाळीतून हात पुढे केले. हात आता स्वच्छ होते. तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी असे नव्हते. लाल व्हते. रांगेत लाल हात माझे एकट्याचे. बाकीची माणसं टपरीवरची, रिक्षावाली. तोंडं माझ्यासारखी, पण हात बाबूसारखे. मग बाई दुसऱ्या कुणाला दाखवतील?"

तुमच्यातले जे दिंडोरीकडचे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. छाटणी झाली की वेलीच्या प्रत्येक डोळ्याला औषध लावतात, आणि कुठे लावलं, कुठे राहिलं ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. त्या पंधरवड्यात बागेवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे हात मनगटापर्यंत लाल. साबणाने जात नाही. नखांच्या कडेला तर दिवाळी होऊन गेली तरी राहतो. परेड लावणाऱ्यांनी रांगेतल्या माणसांची उंची जुळवली, वर्ण जुळवला, मिशा जुळवल्या. कागदावर ते सगळं नीट लिहिलं आहे. हात जुळवावेत हे कुणालाच सुचलं नाही, कारण परेडचे नियम लिहिणारा कधी द्राक्षाच्या बागेत गेला नसावा.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं?

अपील हे झालेल्या साक्षींच्या कागदांवर चालतं. नव्याने साक्षीदार बोलावत नाहीत. सहसा. पण गरज पडली, तर वरचं कोर्ट साक्षीदाराला पुन्हा बोलावून विचारू शकतं. तशी सोय कायद्यात आहे. मला एक अर्ज करायचा होता आणि ताईंना एकच प्रश्न विचारायचा होता, की तुम्ही ओळखलंत ते काय, तोंड की हात? मला शंका आलेली होती. परेडच्या कागदात लिहिलं होतं की साक्षीदाराने आरोपीचे मनगट धरून ओळखले. आजवर मी जितके असे कागद वाचले, त्यांत साक्षीदार खांद्याला हात लावतात. ताईंनी मनगट धरलं होतं.

पण माझ्या सीनियरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की उत्तर माहीत नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. बाई 'तोंड' म्हणाल्या तर? गेणू आतच राहील. म्हणून मी विचारलं नाही. त्याऐवजी दुसरी वाट धरली. ती सोपी होती. रांग चुकीची लावली म्हणायचं, तर अधिकाऱ्यांना दोष द्यावा लागतो, आणि त्यांच्याशी मला रोज काम. मी ते म्हटलं, पण आवाज खाली ठेवून. आवाज वर केला तो ताईंच्या डोळ्यांवर बोलताना. मावळता उजेड, उडालेला चष्मा, अंगावरचा दागिना गेल्याने बावरलेली बाई. शेवटी मी म्हटलं, "या बाईंच्या नजरेवर एका माणसाची तीन वर्षं टांगता येणार नाहीत."

वाक्य छान होतं. आदल्या दिवशी घरी म्हणून पाहिलं होतं.

मागच्या बाकावर पांढऱ्या साडीवर करडा स्वेटर घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. युक्तिवादाआधी मीच माझी बॅग सरकवून त्यांना जागा करून दिली होती. कुणा आरोपीची आई असेल असं मला वाटलं. अपिलात साक्षीदाराचं काही काम नसतं, कुणी बोलावत नाही. ताई आपल्या आपण आल्या होत्या. अर्धी रजा टाकून, माझं सगळं ऐकायला.

संपल्यावर व्हरांड्यात त्या माझ्यासमोर आल्या. नाव सांगितलं. आणि ते वाक्य म्हणाल्या.

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "अपिलात साक्षीदाराला विचारत नाहीत, मावशी." अर्धं खरं. त्या "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

गेणू सुटला. निकालात न्यायाधीशांनी पूर्वीच्या शिक्षेचा आधार घेणं चूक ठरवलं, परेड बाजूला ठेवली, शिक्षेचा प्रश्नच उरला नाही. माझे मुद्दे मान्य झाले. आणि त्यातच एक ओळ आली, की या साक्षीदाराच्या ओळखण्याच्या क्षमतेवर विसंबणे धोक्याचे ठरेल. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तीत ताईंचं नाव आणि ही ओळ. मी ते कात्रण फाईलला लावून ठेवलं. मला वाटलं, माझी बातमी आहे.

ती कुणाची होती ते मला वर्षभराने कळलं. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण इथेच झालं. मी खाली औषधांच्या स्टोअरमध्ये ग्लोव्हज आणायला गेले, तर खिडकीत ताई.

मी म्हटलं, "तुम्ही इथे? लेबर रूममध्ये नाही?"

"नाही. इथं बरं आहे," त्या म्हणाल्या. "सलाइनच्या बाटलीला तोंड नसतं."

वर जाऊन मी चौकशी केली तेव्हा भिमाबाई मावशींनी सांगितलं. मावशी, तुम्ही आज इथे आहात, चुकलं तर सांगा. बातमी आल्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. ताई एक बाळ पुसून, गुंडाळून बाहेर घेऊन आल्या, तर बाळाची आजी हात मागे घेऊन म्हणाली, "तुम्ही नका देऊ सिस्टर. दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. कोर्टानंच म्हटलंय ना, तुम्हाला माणूस वळखू येत नाय." त्या आजीचाही राग येत नाही मला. घाबरलेली होती, आणि छापून आलेलं खरं मानणारी होती. ताईंनी बाळ दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिलं. त्या दिवशी संध्याकाळीच मॅडमकडे जाऊन म्हणाल्या, मला स्टोअर द्या. मॅडमनी समजावलं, रागावल्या, नाथाभाऊंनी घरी जाऊन सांगितलं. ताईंनी ऐकलं नाही. हनुवटी पाहून घराणं सांगणारी बाई आज निरोप घेते आहे ती औषधांच्या स्टोअरमधून.

मी ज्या माणसासाठी भांडले, त्याचं एक जुनं पाप त्याला आयुष्यभर चिकटू नये म्हणून भांडले. आणि त्याच कागदावर मी दुसऱ्या एका बाईला तसंच एक चिकटवून आले. गेणूची शिक्षा रद्द झाली. ताईंनी स्वतःला दिलेली शिक्षा कुठल्या कोर्टाने रद्द करायची?

मी पुन्हा खाली गेले. खिडकीशी उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, तेव्हा मी विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "आता विचारताय होय?"

"हो."

"सांगितलं असतं की तोंड मी पाहिलंच नाही. हात पाहिला. इथं, गळ्याशी आला ना तो. लाल, मनगटापर्यंत. पहिल्या दिवशी पोलिसांना हेच सांगितलं. त्यांनी लिहिलं, चेहरा पाहिला, समोर आल्यास ओळखेन."

हे वाक्य त्या लिहून घेणाऱ्याने मुद्दाम रचलेलं नव्हतं. ते अशा प्रत्येक फिर्यादीत असतं, तुमच्या केसपेपरवर 'प्रकृती स्थिर' असतं तसं. ताईंचं कोपर रक्ताने भरलेलं, चष्मा फुटलेला. वाचून न पाहता सही केली.

"आणि परेडमध्ये?" मी विचारलं.

"तोंडं बघितली ना सगळ्यांची. एकही ओळखीचं वाटेना. तसं सांगणार होते. मग खाली नजर गेली, अन् तो हात दिसला. मी जाऊन मनगट धरलं. म्हटलं, साहेब, हा हात. ते म्हणाले, हात आला म्हणजे माणूस आलाच की मावशी."

"कोर्टात का नाही सांगितलंत?"

"कोर्टात मला विचारलं, परेडमध्ये ज्याला ओळखलं तो हाच का? हाच होता. हो म्हटलं. दुसरं कुणी काही विचारलंच नाही. त्याच्या वकिलानं नाही, सरकारी वकिलानं नाही. अन् मग तुम्ही आलात."

"तोच होता का, ताई?"

"मला आजही माहीत नाही. त्या दिवसांत दिंडोरीत लाल हाताची हजार माणसं असतात." खोक्यावरची चिकटपट्टी त्या नखाने सोलत होत्या. "म्हणून तर त्या दिवशी आले होते कोर्टात. म्हटलं, आज कुणीतरी विचारेल. विचारलं की सांगून मोकळी होईन. तर तुम्ही माझ्या चष्म्यावर बोलत बसलात."

मग म्हणाल्या, "तुमच्या गेणूला अपील होतं हो. मला कुठं?"

ताई, तुम्ही ते चेष्टेत म्हणालात. मी ते घेऊन घरी गेले. आणि तुमचं अपील तयार केलं. निकालातली साक्षीदाराबद्दलची अशी ओळ काढून टाका, असा अर्ज मुंबईच्या हायकोर्टात करता येतो. गेणूच्या सुटकेला त्याने धक्का लागत नाही. उशीर झाला आहे, त्याची क्षमा मागता येते. फक्त ज्याच्याबद्दल ती ओळ आहे, त्याची सही लागते.

मी तो अर्ज स्टोअरच्या खिडकीतून आत दिला. ताईंनी चष्मा लावून सगळा वाचला. या वेळी वाचला! मग विचारलं, "यात शेवटी काय म्हटलंय?"

"की दोष तुमच्या नजरेत नव्हता, रांगेत होता."

"अन् बोट कुणाचं होतं?"

मी पेन पुढे केलं.

"बोट माझं होतं ना, बाई. माणूस वर्षभर आत होता. बायको एकटी बागेबागेने फिरली. अन् मी लिहून देऊ, की माझी काही चूक नाही? न्या हे."

दुसऱ्यांदा मी फोनवर विचारलं. त्याला कारण होतं. गेणू अजूनही छाटणीला येतो, आणि आला की माझ्या ऑफिसात डोकावून जातो. येताना हरसूलच्या बाजारातल्या नागलीची पिशवी आणतो, नको म्हटलं तरी टेबलावर ठेवतो. एकदा त्याने आपणहून विचारलं, "त्या सिस्टर कशा हायेत?" मी सगळं सांगितलं. स्टोअरचंही. तो जरा वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "त्यांना सांगा, माझा राग नाय. आमच्या हाताला रंग व्हता, तो त्यांनी पायला. त्यांचं बी खरं, माझं बी खरं." मला वाटलं, आता सुटलं कोडं. लगेच ताईंना फोन लावला, शब्दन् शब्द सांगितला. मग ताई म्हणाल्या, "त्याचा राग नाही म्हणून माझा स्वतःवरचा जावा, असं थोडंच असतं?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आज सकाळी म्हसरूळहून येताना माझ्या गाडीपुढे मजुरांचा टेम्पो होता. मागच्या फळीला धरलेले सगळे हात लाल. माझ्याबरोबरच्या भाचीला बघून त्यांतल्या कुणीतरी हात हलवला. सिग्नल सुटल्यावर मी स्वतःलाच विचारलं, कुणी हलवला? मला सांगता येईना. माझा चष्मा डोळ्यांवर होता, ऊन लख्ख होतं आणि गळ्याला कुणी हात घातलेला नव्हता.

मघाशी डॉक्टर मॅडमनी जाहीर केलं की ताई यापुढे आठवड्यातून दोन दिवस येतील आणि आयत सिस्टर, पूजा सिस्टर आणि इतर नव्या सिस्टरना लेबर रूममध्ये शिकवतील. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. ताईंनी हो म्हटलेलं नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मॅडम, मला वाटतं ताई येणार नाहीत. ती ओळ जोवर आहे तोवर त्या दारातून आत पाऊल टाकणार नाहीत, आणि ती ओळ त्या काढू देणार नाहीत.

माझ्या भाषणाचा वेळ संपल्याची चिठ्ठी नाथाभाऊंनी मघाशीच सरकवली आहे. भाऊ, वकिलाला चिठ्ठी दिली की तो आणखी पाच मिनिटं घेतो, हे तुम्हाला आता कळलं. संस्थेने मला, म्हणजे अशा बाईला, या व्यासपीठावर उभं केलं त्याबद्दल मनापासून आभार. ताईंच्या घरच्यांचे विशेष आभार. माझं नाव घरात कसं घेतलं जात असेल याची मला कल्पना आहे, तरी तुमच्या सूनबाईंनी आल्याआल्या मला पाणी आणून दिलं. निरोपाच्या प्रसंगी कोर्टकचेरी काढली, हसण्याच्या जागी तुम्हाला गप्प बसवलं, आणि ज्यांचा सत्कार त्यांनाच इतक्या लोकांसमोर अडचणीत टाकलं, हे सगळं मला कळतंय. जमल्यास पोटात घाला. नाही घातलंत तरी तुमची तक्रार बरोबरच असेल.

आता ताई, एकच.

अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. तोच नाही, नवा लिहिला आहे. तुम्ही म्हणालात ते यात पहिल्याच परिच्छेदात आहे, की बोट माझे होते. ते मी कुठेही झाकलेलं नाही. त्याच्याखाली दुसरा परिच्छेद माझा आहे. त्यात लिहिलंय, की साक्षीदार खरं सांगायला कोर्टात येऊन बसली होती, आणि अपिलाच्या वकिलाने तिला विचारले नाही. हायकोर्टात मी हे वाचून दाखवेन, माझ्या नावासकट. मग ते माझं पेपरात छापून आलं तर येऊ दे. मी ते कात्रणही फाईलला लावीन, त्या पहिल्याच्या शेजारी.

तुम्ही मान हलवताय. दिसतंय मला इथून. 'नाही' म्हणायचा तुमचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही, आणि चारचौघांत विचारून मी तो अवघड करते आहे, त्याचीही माफी मागते. माझ्या सीनियरांनी सांगितलं होतं, उत्तर माहीत असेल तरच प्रश्न विचारायचा. या वेळी उत्तर मला माहीत आहे. तरीही विचारते. कारण तुम्ही त्या व्हरांड्यात माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं.

ताई, या अर्जावर सही कराल?